परीक्षकांची बेरीज आणि दिग्दर्शकाचे धाडस

भंडारा जिल्ह्यातील लाखनी, साकोली किंवा पवनी येथे राहणाऱ्या चित्रपटरसिकाच्या वाट्यास राष्ट्रीय पुरस्काराची वार्ता येते ती वर्तमानपत्राच्या द्वारे. परंतु ज्या चित्रपटास तो पुरस्कार मिळाला असेल तो चित्रपट, विशेषतः तो मराठी असून धंदेवाईक साच्यातला नसेल तर, त्याच्या गावच्या पडद्यावर क्वचितच लागतो, आणि तो पाहावयाचाच असा निश्चय असल्यास नागपूरची वाट धरावी लागते. एक काळ असा होता की दूरदर्शनवर रविवारी दुपारी देशातील निरनिराळ्या भाषांमधील चित्रपट दाखविले जात, आणि त्यांत पुरस्कारप्राप्त चित्रपटांचा भरणा मोठा असे. त्या काळी दिल्लीतल्या एका खोलीत बसलेल्या परीक्षकांनी ज्या नावांवर शिक्कामोर्तब केले असेल, तीच नावे वैनगंगेच्या काठच्या घरांपर्यंत पोहोचत, आणि ज्यांवर केले नसेल ती नावे येथल्या माणसापुरती जन्मासच आलेली नसत. मुंबई-पुण्याच्या रसिकास पुरस्कार हा एक मान वाटतो, चित्रपटसंस्थांच्या आणि महोत्सवांच्या योगाने तो चित्रपट त्याला अन्यथाही गाठता येतो. परंतु दूरच्या जिल्ह्यास पुरस्कार म्हणजे चित्रपटाकडे उघडणारी जवळजवळ एकमेव खिडकी होय. म्हणूनच पुरस्कारांच्या यादीतून धाडसी दिग्दर्शक का गळतात, हा प्रश्न कलावंतांच्या मानापमानापुरता मर्यादित नसून प्रेक्षकांच्या हक्काचा आहे, असे मी समजतो.

या पुरस्कारांच्या मुळाशी एक सरकारी तजवीज आहे. १९४९ साली नेमलेल्या आणि १९५१ साली आपला अहवाल सादर करणाऱ्या, स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीच्या शिफारशींतून त्या काळी ‘राज्य पुरस्कार’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना उदयास आली, आणि १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटास मिळाले. पुढच्याच वर्षी अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ या चित्रपटास राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. योजनेचा हेतू सौंदर्यदृष्ट्या आणि तांत्रिकदृष्ट्या उच्च दर्जाच्या, तसेच शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्य असलेल्या चित्रपटांस उत्तेजन देण्याचा होता, आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने आपल्या कलेपासून संस्काराची अपेक्षा करावी यात अस्वाभाविक असे काही नव्हते. परंतु एक गोष्ट येथे नजरेआड करता येत नाही. ज्योतिरावांचा चित्रपट गौरविला गेला तेव्हा त्यांच्या निधनास साठांहून अधिक वर्षे लोटली होती. जे बंड इतिहासजमा झाले आहे, ज्याचा नायक भिंतीवरील तसबिरीत स्थिरावला आहे, त्या बंडाचा सन्मान करणे कोणत्याही परीक्षक मंडळास जड जात नाही. ज्या बंडाचे प्रतिपक्षी अद्याप हयात आहेत आणि कदाचित सन्मानसोहळ्याच्या पहिल्या रांगेतच बसलेले आहेत, त्याचा सन्मान करणे मात्र जड जाते.

तथापि भ्याडपणा किंवा दडपण एवढ्या एकाच कारणावर सर्व भार टाकणे अन्यायाचे होईल. प्रामाणिक, विद्वान आणि निर्भय अशा माणसांचे मंडळ बसविले तरीही धाडसी चित्रपट मागे पडू शकतो, कारण निर्णयाच्या पद्धतीतच एक कल दडलेला असतो. समजा, नऊ परीक्षक आहेत आणि त्यांनी प्रत्येक चित्रपटास दहापैकी गुण द्यावयाचे आहेत. पहिला चित्रपट धाडसी आहे: त्याचा आकार अपरिचित, त्याचा विषय टोचणारा. पाच परीक्षक त्याने भारावून जातात आणि प्रत्येकी नऊ गुण देतात. उरलेले चार त्यावर रुष्ट होऊन प्रत्येकी तीनच देतात. बेरीज होते सत्तावन्न. दुसरा चित्रपट नेटका आहे, त्यात दोष काढण्यासारखे फारसे काही नाही आणि देहभान हरपावे असेही काही नाही. नऊही जण त्याला सात गुण देतात. बेरीज होते त्रेसष्ट. म्हणजे मंडळातील बहुसंख्य सभासदांना जो चित्रपट त्या वर्षातील श्रेष्ठ वाटला तो हरला, आणि ज्याला एकाही सभासदाने उत्कृष्ट म्हटले नाही तो जिंकला. आणि या साऱ्या व्यवहारात कोणी कोणाशी बेइमानी केली नाही. गुण न देता चर्चेने निकाल लावावयाचा ठरविले तरी फळ बहुधा हेच येते, कारण रात्री उशिरापर्यंत लांबलेल्या चर्चेत दोन आग्रही पक्ष थकले की दोघांनाही चालण्याजोगे तिसरे नाव पुढे येते आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो.

हॉलिवूडच्या अकादमीने तर २००९ सालच्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतिक्रमाच्या मतदानाचीच वहिवाट घातली. या पद्धतीत सभासद आपापला क्रम लावतात, सर्वांत कमी प्रथम पसंती मिळालेले नाव बाद होते, त्याची मते त्या त्या मतपत्रिकेवरील पुढच्या नावाकडे वळतात, आणि कोणा एकास बहुमत मिळेपर्यंत हा क्रम चालतो. तेव्हा ज्याच्या वाट्यास दुसरी-तिसरी पसंती विपुल येते त्याचे पारडे जड होते, आणि ज्याला काहींनी पहिले व काहींनी अगदी शेवटचे स्थान दिले त्याची वाट अडते. त्यापूर्वी सारे आलबेल होते असेही नाही. ‘सिटिझन केन’ला १९४१ सालच्या चित्रपटांमध्ये नऊ नामांकने मिळूनही पदरात पडले ते केवळ पटकथेचे पारितोषिक, आणि आल्फ्रेड हिचकॉक यांस दिग्दर्शनासाठी पाच वेळा नामांकन होऊनही ते पारितोषिक एकदाही मिळाले नाही.

परीक्षकाच्या शरीराचाही विचार केला पाहिजे. थोड्या आठवड्यांच्या मुदतीत चित्रपटांची एक प्रचंड रास नजरेखालून घालावयाची असते. अशा वेळी जो चित्रपट पहिल्या दहा मिनिटांत आपले मनोगत सांगून मोकळा होतो तो थकलेल्या मनास सुखावह वाटतो. जो प्रेक्षकास तिष्ठत ठेवतो, एकाच चौकटीत दीर्घ काळ स्थिर राहतो आणि अर्थाचा उलगडा घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी व्हावा अशी ज्याची रचना असते, त्याला तो दुसरा दिवस मिळतच नाही, कारण दुसऱ्या दिवशी परीक्षकासमोर पुढचे चित्रपट उभे असतात.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल, मग परीक्षक नकोतच. निवाडा लोकांनीच करावा. या सूचनेचा विचार करण्यास भंडाऱ्याएवढे योग्य स्थळ महाराष्ट्रात विरळाच. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीमध्ये धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. लाखांदूर तालुक्यास लागून असलेले वडसा हे नाट्यमंडळांचे मुख्य ठाणे. तेथून गावोगावची मंडळे नाटक ठरवितात, दिवसा मंडई किंवा शंकरपट भरतो, आणि रात्री मंडपात ऑर्गन-तबल्याच्या साथीने पडदा उघडतो तो पहाटेच्या सुमारास मिटतो. दंडार आणि खडी गंमत यांसारख्या जुन्या लोकप्रकारांच्या भूमीत ही रंगभूमी वाढली. तिच्या प्रेक्षकाने स्वतः तिकीट काढलेले असते, शेजारच्या गावाहून तो पाहुण्या-सोयऱ्यांसह आलेला असतो, आणि नट चुकला तर त्याला तत्क्षणी सांगण्याचा आपला अधिकार तो जाणून असतो. हुंडा, दारू, सावकारी, शेतकऱ्याची आत्महत्या, नक्षलवादाच्या छायेतील गाव, असे विषय या मंडपात हाताळले गेले आहेत, आणि ते मुकाट्याने नव्हे, हुंदके देऊन पाहिले गेले आहेत. या रंगभूमीची दखल दिल्लीने घेतली ती २०२३ साली परशुराम खुणे यांस पद्मश्री देऊन, आणि चित्रपटाने घेतली ती २०२२ साली तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या मराठी चित्रपटाच्या रूपाने. दोन्ही गोष्टी आनंदाच्या खऱ्या, परंतु ज्या परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या एवढ्या मोठ्या मुलखाचे रंजन केले तिच्या मानाने फार उशिराच्या.

तरीही लोकांचा निवाडा हा धाडसाचा हमखास त्राता आहे, असे मला म्हणवत नाही. मंडपातील प्रेक्षक विषयाचे धाडस सहन करतो, किंबहुना त्याचे स्वागत करतो. आकाराच्या धाडसापुढे मात्र तोही बिचकतो. विनोदी पात्र हवे, नाच हवा, गाणे हवे, अखेरीस दुष्टाचे पारिपत्य हवे, हा त्याचा करार असतो, आणि जे मंडळ तो मोडील त्याच्या पुढील हंगामाच्या तारखा रिकाम्या राहण्याचे भय असते. वाचकांच्या किंवा प्रेक्षकांच्या मतांवर आधारलेल्या चित्रपट पुरस्कारांतही हेच घडते, आणि तेथे आणखी एक विघ्न असे की मत देणाऱ्याने चित्रपट पाहिलेला असावा लागतो. ज्याचे चार-दोनच खेळ झाले त्याला मत कोण देणार? म्हणजे परीक्षकांच्या खोलीत धाडसी चित्रपट बेरजेने हरतो आणि लोकमताच्या मैदानात तो अनुपस्थितीने हरतो.

अनुपस्थितीचा हा विचार थोडा पुढे नेला पाहिजे, कारण पुष्कळदा चित्रपट परीक्षकांसमोर रुजूच होत नाही. राष्ट्रीय पुरस्कारासाठी दरखास्त करावयाची तर त्या त्या वर्षातील सेन्सॉर मंडळाचा दाखला लागतो. ज्याचा दाखला अडला, ज्याला काटछाट मान्य नसल्याने वरच्या समितीकडे किंवा न्यायालयाकडे दाद मागावी लागली, त्याचे वर्ष हातचे निसटते, आणि त्याची कसूर नसताना तो शर्यतीबाहेर राहतो. त्याहून क्लेशदायक असा प्रसंग २०१७ साली गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी घडला. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसून मुलाला शिकविणाऱ्या एका स्त्रीची कथा सांगणारा रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट परीक्षकांनी भारतीय विभागाच्या उद्घाटनासाठी निवडला होता. मंत्रालयाने तो आणि सनलकुमार शशिधरन यांचा ‘एस दुर्गा’ हे दोन्ही चित्रपट यादीतून वगळले. परीक्षकांचे प्रमुख सुजॉय घोष यांनी आणि त्यांच्यामागून आणखी काही सभासदांनी राजीनामे दिले. येथे परीक्षक चुकले नव्हते, त्यांची बेरीजही चुकली नव्हती. त्यांनी काढलेल्या निकालावर वरून फर्मान आले होते. पुढे २०१८ साली ‘न्यूड’ला प्रौढांसाठीचा दाखला एकही दृश्य न कापता मिळाला, आणि तो प्रदर्शितही झाला; परंतु उद्घाटनाचा तो मान गेला तो गेलाच.

‘न्यूड’मधील एक अभिनेत्री छाया कदम. त्यांच्याच निमित्ताने २०२४ सालच्या एका निर्णयाकडे वळता येते, कारण त्या वर्षी ज्या दोन चित्रपटांची तुलना देशभर झाली त्या दोहोंतही त्या होत्या. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाने कान महोत्सवात ग्राँ प्री हा द्वितीय क्रमांकाचा सन्मान मिळविला. तेथील मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट दाखल होण्याची ही तीस वर्षांतील पहिलीच वेळ होती. त्यातील पार्वती ही रुग्णालयात स्वयंपाक करणारी विधवा, राहत्या जागेचा एकही कागद हाती नसल्यामुळे मुंबईतून उठविली जाते आणि रत्नागिरीकडील आपल्या गावी परतते. ही पार्वती छाया कदमांनी उभी केली आहे, आणि कागद नाही म्हणून माणूस नाही, ही आमच्याकडच्या तहसील कचेरीच्या ओट्यावर नित्य भेटणारी व्यथा तिच्या चेहऱ्यावर एकाही आक्रोशाविना उमटते. परंतु ऑस्करसाठी देशाचा एकच चित्रपट पाठविण्याचा अधिकार ज्या भारतीय चित्रपट महासंघाकडे आहे त्याच्या तेरा सभासदांच्या समितीने किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ची निवड केली. त्या समितीत एकही स्त्री नव्हती. कपाडियांचा चित्रपट पाहताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत असल्यासारखे परीक्षकांना वाटले, अशा आशयाचे स्पष्टीकरण महासंघाच्या अध्यक्षांनी दिले. ‘लापता लेडीज’ हा गोड आणि सद्हेतूचा चित्रपट आहे, त्यातील स्थानकावर चहाचे दुकान चालविणारी मंजू माई हीदेखील छाया कदमांचीच भूमिका, आणि त्याविषयी माझ्या मनात कसलाही आकस नाही. मला खटकते ते कारण. मुंबईचा पाऊस, लोकलगाडी, मराठी, मल्याळम आणि हिंदी यांची सरमिसळ, कोकणातला समुद्र, हे सारे ज्यात आहे त्याला परके ठरविताना परीक्षकांनी देशाचा विचार केला नाही. देशाच्या चित्रपटाचा जो साचा त्यांच्या मनात पूर्वीपासून होता त्याचा केला. डिसेंबरमध्ये अकादमीने पंधरा चित्रपटांची यादी जाहीर केली तेव्हा ‘लापता लेडीज’ तीत नव्हता.

आता या साऱ्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा मांडणे माझे कर्तव्य आहे, कारण तो बलवान आहे. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ने सहकारी साखर कारखानदारीतील सत्तेवर बोट ठेवले आणि तरीही तो गौरविला गेला. मणी कौल यांच्यासारख्या, कथनाचा प्रत्येक प्रस्थापित संकेत नाकारणाऱ्या दिग्दर्शकास ‘दुविधा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आनंद पटवर्धन यांच्या ‘राम के नाम’ या माहितीपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मात्र तो दूरदर्शनवर दाखविला जावा म्हणून त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. एकाच शासनाच्या एका हाताने सन्मान आणि दुसऱ्या हाताने मज्जाव, असे ते विलक्षण दृश्य होते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ला २०१३ सालच्या चित्रपटांत पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा आणि त्यातील सोमनाथ अवघडे यास बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘आजचा दिवस माझा’. पदार्पणाचा पुरस्कार हा खचितच सन्मान आहे. परंतु ज्या चित्रपटाने डुक्कर धरणाऱ्या घरातील मुलाचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावला, त्याला होतकरूंच्या रांगेत बसवून सोडणे हे मला आजही तोकडे वाटते.

आणि ‘कोर्ट’. नाट्यगृहात नव्हे, वस्तीत पोवाडे म्हणणारा एक वृद्ध शाहीर, त्याच्या गाण्याने एका सफाई कामगाराने गटारात जीव दिला हा त्याच्यावरील आरोप, आणि तारखांवर तारखा देणारे सत्र न्यायालय, एवढ्या सामग्रीतून चैतन्य ताम्हाणे यांनी उभा केलेला हा चित्रपट कोणत्याही नियमाने मागे पडावा असाच होता: नायक अर्धा वेळ पडद्याबाहेर, कॅमेरा दूर आणि निश्चल, न्यायाधीश खलपुरुष नाही, सरकारी वकील घरी जाऊन स्वयंपाक करणारी साधी गृहिणी. शाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक वीरा साथीदार यांनी केली. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या आवाजात जो वैदर्भी खरखरीतपणा आहे तो भंडाऱ्याच्या प्रेक्षकास आपल्याच मोहल्ल्यातला वाटावा. हा चित्रपट २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपट ठरला, आणि पुढे ऑस्करसाठी देशातर्फे तोच पाठविला गेला. तो कसा निभावला? माझ्या मते दोन कारणांनी. एक म्हणजे दिल्लीत निर्णय झाला तो मार्च २०१५ मध्ये, आणि तत्पूर्वी सप्टेंबरातच व्हेनिस महोत्सवाने त्याला दोन सन्मान दिले होते. ज्या आकाराचा निवाडा करण्यास परीक्षक एरवी कचरले असते त्याचा निवाडा आधीच दुसऱ्या कोणी करून ठेवला होता. दुसरे कारण त्याच्या स्वरूपात आहे: तो कोणाही एका व्यक्तीवर दोष ठेवीत नाही, त्यामुळे आपल्यावर बोट रोखले गेल्याची भावना कोणाही एकाच्या मनात निर्माण होत नाही. जो दगड भिरकावतो त्याच्यापेक्षा जो मुकाट्याने आरसा धरतो त्याला परीक्षकांची खोली थोडी अधिक सोसते.

परदेशी शिक्क्यावर विसंबण्याची ही सवय नवी नाही. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ची महती व्हेनिसने १९३७ साली मान्य केली, हे आपण प्रत्येक पाठ्यपुस्तकात अभिमानाने लिहितो. परंतु प्रत्येक दिग्दर्शकास व्हेनिस किंवा कान गाठण्याचे साधन नसते. इंग्रजी अर्ज, उपशीर्षके, परदेशी निधींची ओळख, हे सारे मुंबईत सुलभ आणि तुमसर-मोहाडीत दुर्घट आहे. झाडीबोलीत उद्या कोणी तरुणाने असा चित्रपट केला की ज्यात गाणे नाही, विनोद नाही आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाचा केवळ स्तब्ध विस्तार आहे, तर तो युरोपात जाण्यापूर्वी मुंबईच्याच परीक्षकांपुढे येईल, आणि त्यांपैकी दोघा-तिघांना तो अत्यंत प्रिय व उरलेल्यांना असह्य होईल.

त्या दोघा-तिघांच्या मतास आजच्या पद्धतीत स्थान नाही, आणि माझी मागणी तेवढ्यापुरतीच आहे. न्यायालयात बहुमताच्या निकालाशी असहमत असलेला न्यायाधीश आपले भिन्न मत सकारण नोंदवितो आणि ते दप्तरात राहते. राष्ट्रीय आणि राज्य पुरस्कारांच्या परीक्षकांनाही ही मुभा असावी, आणि निकालाबरोबर ती मतेही प्रसिद्ध व्हावीत. विशेष परीक्षक पुरस्कार नावाची जी एक जागा राष्ट्रीय पुरस्कारांत होती, ती पुन्हा निर्माण करून, सहानुभूतीचे पारितोषिक म्हणून न वापरता ज्या चित्रपटाने मंडळात सर्वाधिक तीव्र मतभेद उत्पन्न केला त्याच्यासाठी राखून ठेवता येईल. त्यासाठी नवा खर्च नको की नवी समिती नको. आणि या दोन्ही नोंदींतील चित्रपट जिल्ह्याच्या ठिकाणी, भंडाऱ्यातील एखाद्या सभागृहात, शासनाच्या खर्चाने वर्षातून काही दिवस दाखविले जावेत, म्हणजे पाच जणांनी नऊ गुण का दिले आणि चौघांनी तीनच का दिले, याचा निर्णय साकोलीचा शिक्षक आणि पवनीचा विणकर स्वतःच्या डोळ्यांनी करील.